माळकरी मांजर

टाकवे बुद्रुक, १४ नोव्हेंबर १९३८

अठ्ठावीस वर्षे शाळेचे लॉगबुक लिहिले. पेन्शनीत निघाल्यापासून सकाळी हाताला काम नाही आणि हात तर शिवशिवतो. म्हणून आजपासून ही वही. निमित्तही तसेच घडले आहे. घरात एक नवे नाव दाखल झाले.

भाताची झोडणी आटोपून कणग्या भरल्या, तेव्हापासून उंदरांनी उच्छाद मांडला आहे. त्यांनी नेमके बियाण्याच्या कणगीलाच भोक पाडले. आज सकाळी गाईसाठी गंजीतून पेंढी ओढताना सौ. धोंडाबाईंच्या हाताला काही मऊ लागले. पाहते तर मांजराचे पिल्लू. दोनेक महिन्यांचे असेल. करड्या रंगाचे, पोटाखाली पांढरे. याची आई परवा कुत्र्यांनी मारली, हे आळीत सर्वांना ठाऊक आहे. सौ.ने त्याला पदरात गुंडाळून आणले आणि लगेच "ठमे, ठमे" म्हणून हाकाही मारू लागली.

मी म्हटले, माळकऱ्याच्या घरी राहायचे तर नाव तसे हवे. गोपिका ठेवू.

"एवढुशा जिवाला एवढं मोटं नाव? ती वळखायची कशी?" सौ. म्हणाली.

ओळखेल. अठ्ठावीस वर्षे मी मुलांना नावे ओळखायला शिकवली आहेत.

१६ नोव्हेंबर

गोपिकेचा आहार ठरवला. सकाळी गाईचे ताजे दूध, दुपारी दूधभात, सायंकाळी पुन्हा दूध. आमच्या घरात बावीस वर्षे मांस-मच्छी आलेली नाही. आळंदीहून मी दोन तुळशीच्या माळा घेऊन आलो, एक स्वतःच्या गळ्यात घातली, एक सौ.च्या, त्या दिवसापासून हा नेम आहे. मग मांजराचा तेवढा अपवाद का व्हावा? माझ्या जुन्या तुटलेल्या माळेतला एक मणी सुती दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला. दिसते मोठी गोड.

सौ. भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "उंदरांसाटी ठेवली न्हवं तिला? मंग उंदीर बी चालायचा न्हाई का आता?"

मी म्हटले, उंदीर पकडायचा, खायचा नाही. शिस्त लावली की सगळे होते.

ती हसली. हसण्यासारखे त्यात काय होते कळले नाही.

१८ नोव्हेंबर

आज एकादशी. देवळात भजन झाले. वीणा माझ्याकडे होती, नेहमीप्रमाणे. गोपिका माझ्या मागोमाग देवळात आली आणि मांडीशी बसली. भजनी मंडळाचे हौशीरामबुवा यांनी तिच्या गळ्यातला मणी पाहिला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मास्तरांच्या घरचं मांजर बी माळकरी! याला म्हनायचं घर." मंडळी टाळ थांबवून पाहू लागली. खोटे कशाला लिहू, मला फार बरे वाटले.

२० नोव्हेंबर

गोपिकेचे पोट बिघडले आहे. सकाळी दोनदा, दुपारी तीनदा. पातळ, पिवळट, आंबूस वास. थंडीचा कडाका पडला आहे, त्याने झाले असावे. अशक्तपणा येऊ नये म्हणून दूध वाढवले.

२२ नोव्हेंबर

दिवसातून सात-आठ वेळा. ओसरी सारवून सारवून सौ.चे हात गेले, पण ती पिल्लावर चिडत नाही. ओल्या फडक्याने त्याचे अंग पुसते, उन्हात धरते. मी जायफळ उगाळून दिले. ओवा, सुंठ झाली. डाळिंबाची साल झाली. बेलाचा मुरंबा तिने थुंकून टाकला. आणि दूध कमी पडू दिलेले नाही. तेवढाच तर आधार आहे.

सौ. म्हणाली, "अवो, मांजराची जात हाय ती."

मी म्हटले, तुकडा मोडताना आपण कोणत्या जातीचे हे कुणाच्या पोटाला कळते?

ती फडके पिळून पुन्हा पुसू लागली. पटले असावे.

२५ नोव्हेंबर

पिल्लाच्या फासळ्या मोजता येतात. पूर्वी दोरी दिसली की उडी मारायची, आज दोरी नाकाशी हलवली तर नुसती मान वळवली. मला जेवण गेले नाही. एवढ्याशा प्राण्यासाठी या वयात ताटावरून उठावे, याची लाज वाटते. पण उठलो.

शेवटचा उपाय म्हणून कुड्याची साल उकळून तिचा काढा सुरू केला आहे. दिवसातून दोन वेळा चमचाभर.

सौ. दुपारी शेजारी मेहमुदाकडे गेली होती. मेहमुदा म्हणजे आमच्या नालबंद दस्तगीरची बायको. तिच्याकडून गोधडीचा नवा टाका शिकायचा आहे म्हणाली. गोपिकेलाही नेले, तिच्या अंगणात ऊन चांगले येते म्हणून.

२८ नोव्हेंबर

यश! आज फक्त दोनदा, आणि घट्ट. कुड्याने काम केले.

३० नोव्हेंबर

गोपिका खडखडीत बरी. अंगावर लव चमकू लागली. काल माझ्या धोतराचा सोगा ओढत ओसरीभर पळाली. मी या विषयावर एखाद्या मासिकाला टिपण धाडावे म्हणतो. 'मांजरीचे सात्त्विक अन्न व कुड्याच्या सालीचा गुण' असा मथळा सुचला आहे.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. दूधभाताला ती आता तोंड लावत नाही, वाटी तशीच राहते आणि कावळे खातात. तरी वजन वाढते आहे. याचा अर्थ काढ्याने अन्नाचा अंश न् अंश अंगी लागतो, त्यामुळे थोडक्यात भागते.

सौ. रोज दुपारी गोधडीला जाते. टाका फार अवघड असला पाहिजे. परत आली की राखेने हात घासघासून धुते. विचारले तर म्हणाली, "सुईचा गंज लागतोय."

गोधडी अजून पाहिली नाही.

३ डिसेंबर

आज जे झाले ते लिहायला हात धजत नाही. पण लॉगबुकात वाईट दिवस गाळायचे नसतात.

एकादशी. या खेपेस भजन आमच्या घरी होते. बुवा, कोंडाजी, भिमाजी, आणखी दहा-बारा मंडळी. अभंग रंगात आला होता. तेवढ्यात गोपिका परड्याच्या दाराने आत आली. तोंडात काहीतरी होते. सरळ बैठकीच्या मधोमध आली आणि हौशीरामबुवांच्या पायाशी ते ठेवून ऐटीत बसली. उकडलेल्या खेकड्याची नांगी.

टाळ थांबले. बुवांनी नांगीकडे पाहिले, मांजराच्या गळ्यातल्या मण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. कोंडाजीला खोकल्याची उबळ आली, ती हसण्याची होती हे मला कळत होते.

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मी दिली. मेहमुदाच्या घरी. नांगी तितं पडलीवती, ती उचलून आनली असंल तिनं."

माझा तोल गेला. भर बैठकीत मी तिला विचारले, "आणि तू? तूही खाल्लंस?"

ती वळून आत गेली. मंडळी एकेक करून उठली. फराळाच्या केळ्यांना कुणी हात लावला नाही.

४ डिसेंबर

सौ. बोलत नाही. कामे सगळी करते. मी तिला सांगितले की मेहमुदाकडे जाणे बंद आणि गोपिका पुन्हा दूधभातावर राहील. तिने मान हलवली.

बरी झाली ती मासळीने झाली की काढ्याने, हे कसे ठरवणार? दोन्ही चालू होते. कुड्याचा गुण मी सोडणार नाही.

६ डिसेंबर

काढा दिवसातून तीन वेळा देतो आहे. आज सकाळपासून नऊ वेळा झाले. दुपारी रक्त पडले.

तिला परड्याच्या दारात बसून मेहमुदाच्या कुंपणाकडे बघायची सवय लागली आहे. ओरडत नाही, नुसती बघते. सौ.ने तिला उचलून मांडीवर घेतले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मरंल ही."

मी म्हटले, नाही मरणार.

"मी सांगती न्हवं."

८ डिसेंबर

भिमाजीच्या गाडीतून गोपिकेला टोपलीत घालून वडगावला गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. वाटेत दोनदा वाटले की संपले. टोपलीत हात घालून मी श्वास तपासत होतो. भिमाजी एरवी थट्टा केल्यावाचून राहणारा नव्हे, पण त्यानेही बैल हळू हाकले.

डॉक्टर तरुण आहेत. आधी एका म्हशीचे पाहिले, मग टोपली उघडली. पिल्लाचे पोट दाबून पाहिले, हिरड्या पाहिल्या.

"हिला खायला काय देता?"

मी सगळे सांगितले. वेळा आणि मापे तोंडपाठ होती.

त्यांनी गळ्यातल्या मण्याला बोट लावले. मला वाटले हसतील. हसले नाहीत. "मास्तर, तुम्ही बैलाला मटण घालाल का?"

"शिव शिव!"

"मग मांजराला दूधभात का? हिच्या पोटाला गाईचं दूध सोसत नाही. तुम्ही एका हाताने जुलाबावर काढा देता आणि दुसऱ्या हाताने जुलाबच पाजता."

मी म्हटले, मध्ये आठ दिवस बरी होती.

"तेव्हा काय खात होती?"

बारा वर्षांच्या पोरासारखा मी खाली मान घालून उभा राहिलो. शेवटी म्हटले, "मासळी."

"मग इतक्या लांब कशाला आलात? कोण देत होतं ते, त्यांच्याकडे जा. दूध बंद, काढा बंद. उकळून गार केलेलं पाणी, आणि बिनमिठाची, बिनतिखटाची, काटे काढलेली मासळी. अगदी थोडी थोडी. आजची रात्र काढली तर वाचेल."

उन्हे कलताना गाव आले. गाडीतून उतरलो तो घरी न जाता थेट मेहमुदाच्या अंगणात गेलो, टोपली हातात. समोरच्या ओट्यावर कोंडाजी आणि आणखी दोघे बसले होते. बघू देत म्हटले.

"मेहमुदा, थोडी मासळी पाहिजे. हिच्यासाठी. बिनमिठाची."

तिने टोपलीत डोकावून पाहिले. दस्तगीर आज आंद्रा नदीवर जाळे टाकून आला होता. तिने दोन बोटांएवढी मासळी उकडली. मी पायरीवर बसलो. ती काटे काढू लागली आणि काढता काढता बोलली.

"मास्तरआबा, एक सांगू का? राग नगा मानू. मावशीनं एक कन तोंडात घातला न्हाई. हितंच बसायची, तुमी बसलाय तितं. काटं काढायची, ठमीला भरवायची, राखंनं हात घासायची आन् जायाची. पयल्या दिशी मासळीचा वास आला तवा रडली. म्हनली, म्हायेरी आंबीला माझा बा सांजच्याला नदीवरनं टोपली भरून आनायचा. मी म्हनलं, घ्या की जराशी मावशी, कोन बगतंय? तर म्हनली, माळ बगती."

मी टोपली तिच्यापुढे सरकवली. गोपिकेने आधी नुसते हुंगले. मग मेहमुदाच्या बोटावरचा एक कण चाटला.

घरी आलो. सौ. दारातच होती, टोपलीकडे धावली. मी म्हटले, "चुकलो. त्या दिवशी मंडळींसमोर तुला जे विचारले, ते चुकले."

"आधी हिला उबंला घेऊ," ती म्हणाली.

९ डिसेंबर

जगली. पहाटे उठून पाहिले तर सौ.च्या कुशीत डोळे उघडे ठेवून पडली होती. मला बघून तोंड उघडले, आवाज आला नाही, पण उघडले. मी चूल पेटण्याआधी मेहमुदाकडे जाऊन आलो. माझ्या हाताने भरवले. मासळीचा तो लिबलिबीतपणा बोटांना लागला तेव्हा अंगावर काटा आला, पण ती माझे बोट धरून खात होती. मी स्नान करीन, त्यात काय आहे.

गळ्यातला मणी सोडून ठेवला. मानेवर तिथली लव झिजली होती. आधी दिसले कसे नाही?

१२ डिसेंबर

ठमी आज चालली. दिवसातून एकदाच झाले, आणि चांगले. (तिचे नाव ठमीच आहे. गोपिका म्हटले की कान हलवत नाही.)

संध्याकाळी हौशीरामबुवा ओसरीवर आले. बसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुमी रोज मासळी हातानं भरवता असं कळलं. मंडळाचं म्हननं हाय, वीणा आता दुसऱ्यानं धरावी."

मी म्हटले, बरं.

वाईट वाटले. खूप वाटले. बावीस वर्षे ती वीणा माझ्या खांद्याला होती. पण ठमीला पुन्हा दूधभातावर घालून वीणा परत मिळत असेल तर नको.

१५ डिसेंबर

ठमीने पहिला उंदीर मारला, कणगीपाशी. खाल्लाही. मी पाहिले आणि दुसरीकडे तोंड केले.

मेहमुदाचे ते बोलणे आठ दिवस डोक्यातून जात नाही. आज सौ. सुपात तांदूळ पाखडत होती. मी समोर बसलो. विचारले, "मी आळंदीहून माळा आणल्या, तेव्हा तुला विचारलं होतं का?"

"न्हाई."

"तुला घालायची होती?"

"आता काय त्याचं?"

"सांग ना."

तिने सूप खाली ठेवले. "त्या दिशी चुलीवर खेकडं शिजत हुतं. माझ्या भावानं आनलं हुतं आंबीवरनं. तुमी आलात, हात धुतलं, माझ्या गळ्यात माळ घातली, आन् कालवनाचं मडकं उचलून उकिरड्यावर वतलंत. भाऊ तसाच गेला. मी बी तशीच झोपली."

मला तो दिवस आठवतो तो टाळांचा आणि गर्दीचा. मडके मी ओतले असेन. मला आठवत नाही. तिला उकिरड्यासकट आठवते.

ठमीच्या पोटाची मी रोज दहा कलमे लिहीत होतो. जिच्या हातचे मी खातो तिच्या पोटाबद्दल या वहीत एक ओळ नाही.

मी म्हटले, "तुला खावंसं वाटतं का?"

ती उठून गाईकडे गेली.

१७ डिसेंबर

सकाळी चहा देताना सौ. म्हणाली, "मला खेकड्याचं कालवन खावंसं वाटतंय." कप खाली ठेवला आणि पुढे म्हणाली, "घरात न्हाई. परड्यात. निराळ्या मडक्यात."

मी म्हटले, मडके आणतो.

२० डिसेंबर

कुंभाराकडून नवे मडके आणले. परड्यात तीन दगड मांडून चूल केली. दस्तगीरने ओढ्यातले खेकडे आणून दिले, मेहमुदाने आपल्या पाट्यावर मसाला वाटून कुंपणावरून दिला आणि तिथेच हनुवटी टेकून उभी राहिली. सौ.ने सकाळी आंघोळ झाल्यावर आपली माळ काढून देवापुढे ठेवली होती. मी पाहिले. माझी माझ्या गळ्यात आहे, ती राहणार.

शिजवताना तिला कुणाला काही विचारावे लागले नाही. एकदा झाकण उघडले तेव्हा वाफ तिच्या तोंडावर आली, तेव्हा ती थोडी थांबली. मग मीठ घातले.

पितळी घेऊन ती चुलीशी बसली आणि सवयीने पळीकडे हात गेला. मी पळी आधीच उचलली होती. म्हटले, "तू बस."

"अवो, तुमच्या हाताला लागंल."

"लागू दे."

मला वाढता येत नाही. निम्मे बाहेर सांडले, मेहमुदा कुंपणापलीकडून हसली. सौ.ने भाकरी कुस्करली. नांगी दाताखाली धरून अशी फोडली की बावीस वर्षे गेलीत असे कुणी म्हणणार नाही. ठमी मांडीला खेटून बसली होती. तिच्यासाठी बिनतिखटाचा एक पाय वेगळा उकडला होता, तो सौ.ने सोलून तिच्यापुढे टाकला. दोघी खाली माना घालून खात होत्या. मी पळी धरून बसलो होतो. धुरामुळे माझ्या डोळ्यांना पाणी येत होते, आणि सगळेच काही धुरामुळे नव्हते.

पितळी रिकामी झाली. तिने ती माझ्यापुढे केली आणि म्हणाली, "अजून घाला."

लग्नाला चौतीस वर्षे झाली. आमच्या घरात वाढणारी तीच, आणि सगळ्यांच्या मागून उरलेले घेऊन बसणारी तीच. हे दोन शब्द तिच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकले.

घातले.